खुलासा : नाडी-बीपी नॉर्मल म्हणजे दुखत नाही, असं नाही

‘पेशंटची नाडी आणि बीपी नॉर्मल असेल, किंवा तो झोपलेला असेल, तर त्याला वेदना नाहीत, नर्सने पुन्हा विचारायची गरज नाही’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे आणि त्यापायी माणसं विनाकारण सोसतात.

तीव्र वेदनेत सुरुवातीला नाडी वाढू शकते, पण शरीर लवकरच सावरतं. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी औषधं) चालू असतील तर ती वाढतही नाही. थकलेला माणूस दुखत असतानाही झोपतो.

बोलू शकणाऱ्या पेशंटचा शब्द हाच सर्वात भरवशाचा पुरावा. ० (वेदना नाही) ते १० (असह्य वेदना) मध्ये आकडा विचारायचा, पण नुसतं पडून असताना नव्हे. पोटाच्या ऑपरेशननंतर खोल श्वास घ्यायला, खोकायला, कूस बदलायला सांगून विचारा. स्थिर पडल्यावर २ सांगणारा खोकताना ७ सांगतो. मग तो खोकणंच टाळतो, कफ साचतो, न्यूमोनियाचा धोका वाढतो.

बोलू न शकणाऱ्यांसाठी निरीक्षणावरून वेदना मोजायच्या मोजपट्ट्या आहेत. लहान मुलांच्या ‘फ्लॅक’ (FLACC) या मोजपट्टीत चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होणं यांना प्रत्येकी ० ते २ गुण.

औषधानंतर पुन्हा तपासणं सर्वात जास्त राहून जातं. शिरेतून दिलं तर साधारण १५-३० मिनिटांनी, तोंडाने दिलं तर तासाभराने. ओपिऑइड (मॉर्फिनसारखं तीव्र वेदनाशामक) दिलं असेल तर गुंगी आणि श्वासाची गतीही बघायची. श्वास मंदावण्याच्या आधी बहुधा गुंगी वाढते.