रस्ता रुंद केल्याने कोंडी सुटत नाही, माणसंही वाचत नाहीत

शहरी वाहतुकीबद्दलचा एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: ‘शहरातले रस्ते रुंद करा, चौकाचौकांत उड्डाणपूल बांधा. गाड्या न थांबता धावल्या की कोंडी, धूर आणि अपघात तिन्ही कमी होतील. ९४ टक्के अपघात चालकाच्या चुकीने होतात, रस्त्याच्या रचनेने नव्हे. ताशी ३० किलोमीटरची मर्यादा म्हणजे सगळ्या शहराचा वेळ वाया. आणि बस-सायकलींना वेगळ्या पट्ट्या दिल्या की गाड्यांची जागा जाते आणि कोंडी वाढते.’

यातलं प्रत्येक वाक्य ऐकायला पटतं. म्हणूनच ते तपासायला हवं, कारण या समजुतीवर बांधलेला रस्ता पुढची तीस-चाळीस वर्षं तसाच राहतो. सुरुवात मधल्या वाक्यापासून करू. रस्त्याच्या रचनेकडे बघायचंच कारण नाही, असं ते सांगतं आणि बाकीची चर्चा तिथेच संपते.

‘९४ टक्के अपघात चालकाच्या चुकीने’

आकडा खरा आहे, अर्थ चुकीचा लावला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००५ ते २००७ या काळातल्या ५,४७० अपघातांची तपासणी केली. अपघातापर्यंत नेणाऱ्या घटनांच्या साखळीतला शेवटचा निर्णायक दुवा कुणाकडे होता, हे त्यात नोंदवलं होतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणानुसार ९४ टक्के वेळा तो चालकाकडे होता. पण हा दुवा म्हणजे अपघाताचं कारण नव्हे आणि चालकावर ठेवलेला दोषही नव्हे, असं त्याच टिपणात स्पष्ट लिहिलं आहे. पुढे पाठवताना नेमकं हेच वाक्य गळतं.

असा रस्ता डोळ्यांसमोर आणा: सहा पट्ट्या, मध्ये थांबायला जागा नाही, बसथांबा एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला, झेब्रा ३५० मीटर लांब, थांब्याजवळचा दिवा बंद. बसमधून उतरलेली बाई समोरूनच रस्ता ओलांडते. ताशी ६५ ने येणाऱ्या चालकाला ती उशिरा दिसते. नोंद होते ती ‘चालकाने वेळेवर ब्रेक लावला नाही’ अशी. थांबा तिथे कुणी ठेवला, ६५ चा वेग सहज वाटावा असा रस्ता कुणी आखला, हे नोंदीत येतच नाही. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन यांनी यासाठी नऊ घरांचा तक्ता मांडला होता. अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी आणि नंतर अशा तीन ओळी. माणूस, वाहन आणि परिसर असे तीन स्तंभ. ‘चालकाची चूक’ या नऊपैकी एका घरात बसते. उरलेल्या आठ घरांत करण्याजोगं पुष्कळ असतं.

ते करता येतं याचा पुरावा स्वीडनमध्ये आहे. तिथे १३ मीटर रुंदीच्या दुपदरी रस्त्यांवर समोरासमोर धडका होऊन माणसं मरत होती. १९९८ पासून त्याच १३ मीटरमध्ये आलटून-पालटून दोन आणि एक अशा पट्ट्या आखून मधोमध पोलादी दोरांचा कठडा बसवायला सुरुवात झाली. चालक तेच राहिले. ते पूर्वीइतकेच थकत, डुलकी घेत. पण गाडी भरकटली तर समोरच्या ट्रकऐवजी दोरांवर जाऊन आदळू लागली. अशा रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले.

‘३० ची मर्यादा म्हणजे वेळ वाया’

इथे गणितच मांडायला हवं. सावध चालकालाही धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत साधारण दीड सेकंद लागतो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लावल्यास वेग दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रति सेकंदाने उतरतो. आता समजा, २५ मीटरवर एक मूल अचानक रस्त्यावर आलं.

ताशी ३० ने येणारी गाडी दीड सेकंदात साडेबारा मीटर जाते, ब्रेकवर आणखी पाच, आणि साडेसतरा मीटरवर उभी राहते. मुलापर्यंत साडेसात मीटर उरतात. ताशी ४० ची गाडी मुलापर्यंत पोहोचते, पण तेव्हा तिचा वेग १० च्या खाली आलेला असतो. ताशी ५० च्या गाडीचे जवळजवळ २१ मीटर ब्रेक लागण्याआधीच संपतात. ती मुलाला ४० हून जास्त वेगाने धडकते. ताशी ६० ची गाडी दीड सेकंदात बरोबर २५ मीटर जाते. ती ब्रेक न लावताच, पूर्ण ६० च्या वेगाने धडकते.

म्हणजे ३० आणि ५० मधला फरक २० किलोमीटरचा नाही. एका वेगात धडकच होत नाही, दुसऱ्यात ती प्राणघातक ठरू शकते. जर्मनीतल्या अपघातांच्या तपशीलवार नोंदींवरून रोसेन आणि सांडर यांनी २००९ मध्ये दाखवलं की ५० च्या वेगाने धडकल्यास पादचारी दगावण्याचा धोका ३० च्या तुलनेत पाचपटीहून अधिक असतो. सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्के वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्याच अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर ११ लाख ९० हजार माणसं गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर होती.

आता वेळेचं. दोन सिग्नलमध्ये ४०० मीटर अंतर आहे आणि गाडी दोन्हीकडे थांबते असं धरू. गाडीला वेग घ्यायला आणि थांबायलाही वेळ लागतो. तो धरून ५० च्या वेगाने हे अंतर जायला सुमारे ३९ सेकंद लागतात, ३० ने सुमारे ५४. फरक १५ सेकंदांचा, म्हणजे पाच किलोमीटरला तीन मिनिटं. हीसुद्धा जास्तीत जास्त, रस्ता मोकळा असेल तर. पुढचा सिग्नल लाल असेल तर वाचवलेले १५ सेकंद रांगेत उभं राहण्यातच जातात. गर्दीच्या वेळी शहराचा सरासरी वेग अनेकदा ३० पर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा मर्यादेने कुणाचाच वेळ जात नाही. ती उपयोगी पडते रात्री आणि दुपारच्या मोकळ्या रस्त्यावर, जिथे मरणाचा धोका जास्त असतो.

या दाव्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: नुसती पाटी लावून फारसं काही होत नाही. सरासरी वेग ताशी एक-दोन किलोमीटरने उतरतो, इतकंच. वेग उतरतो तो रचनेने. लंडनमध्ये ताशी २० मैलांच्या, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरच्या क्षेत्रांत गतिरोधक आणि इतर भौतिक बदल केले होते. तिथल्या १९८६ ते २००६ च्या नोंदींत जखमी आणि मृतांची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनी घटलेली दिसली.

पण गतिरोधक कसाही करून चालत नाही. हातभर रुंदीचे उंच रबरी पट्टे सर्रास ठोकले जातात, ते वाईटच. त्यांवर चाक इतक्या थोड्या वेळात जातं की वेगाने नेलं तर धक्का शॉकअब्सॉर्बर गिळतो. त्रास होतो तो हळू जाणाऱ्याला, आणि दुचाकी घसरते. ब्रिटनच्या वाहतूक व रस्ते संशोधन प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात विकसित झालेला गोलसर उंचवटा ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच आहे. त्यावर वेग वाढेल तसा त्रास वाढतो. दोन उंचवट्यांमधलं अंतर साधारण ६० ते ८० मीटर ठेवावं. १५० मीटर ठेवलं तर चालक मध्येच वेग वाढवतात आणि उंचवट्यापाशी करकचून ब्रेक लावतात. रुग्णवाहिका आणि बसच्या मार्गावर पूर्ण रुंदीच्या उंचवट्याऐवजी तुटक उशा बसवाव्यात. मोठ्या वाहनाची चाकं त्यांच्या दोन्ही बाजूंनी जातात, मोटारीचं निदान एक चाक वर चढतंच.

‘रस्ता रुंद केला की अपघात कमी’

ही समजूत महामार्गांवरून आली आहे आणि तिथे ती बरीचशी बरोबर आहे. प्रवेशनियंत्रित महामार्गावर समोरून वाहन येत नाही, कुणी पायी ओलांडत नाही, फाटे फुटत नाहीत. तिथल्या रुंद पट्ट्या चूक पोटात घेतात. शहरातल्या रस्त्यावर हे तिन्ही असतं, आणि तिथे रुंदी चालकाला एकच गोष्ट सांगते: अजून जोरात चालव.

पट्टीची रुंदी घ्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सात शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १० किंवा ११ फुटी पट्ट्यांच्या तुलनेत ९ फुटी पट्ट्यांवर जास्त अपघात आढळले नाहीत. ताशी ३० ते ३५ मैल मर्यादेच्या रस्त्यांवर १२ फुटी पट्ट्यांवर मात्र ते जास्त आढळले. बसच्या मार्गावर तीन ते सव्वातीन मीटर पुरतात. साडेतीन मीटर दिले की ती जादा रुंदी वेगातच जाते.

कोपऱ्याची गोलाई याहून दुर्लक्षित आहे. वळणाची त्रिज्या १५ मीटर असेल तर गाडी ताशी २४ च्या आसपास आरामात वळते. ४ मीटर असेल तर १२ च्या आसपास. वळणाऱ्या गाडीसमोर नेमका झेब्रा असतो. पांढरा रंग आणि चार खांब लावून ही त्रिज्या कमी करता येते, रस्ता खोदावा लागत नाही.

आणि ओलांडणारा माणूस? साडेतीन मीटरच्या सहा पट्ट्या म्हणजे २१ मीटर. सेकंदाला ०.९ मीटर चालणाऱ्या वृद्धाला त्या ओलांडायला २३ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ६० ची गाडी ३९० मीटर येते. म्हणजे सहाही पट्ट्या एकाच वेळी जवळजवळ ४०० मीटरपर्यंत मोकळ्या हव्यात, आणि असं दिवसा कधी होत नाही. तीन मीटरच्या चार पट्ट्या आणि मध्ये दोन मीटरचं थांबण्याचं बेट ठेवलं तर एका वेळी सहा मीटर, म्हणजे सात सेकंद पुरतात, आणि नजर एकाच दिशेला ठेवावी लागते. पादचारी पूल हे यावरचं उत्तर नाही. सहा मीटर चढायला १:१२ उताराने ७२ मीटर लांबीचा उतार लागतो, तोही दोन्ही बाजूंना आणि मधले सपाट टप्पे न धरता. लोक खालूनच जातात, यात नवल नाही.

‘रस्ता रुंद केला, उड्डाणपूल बांधले की कोंडी सुटते’

शहरातल्या रस्त्याची क्षमता चौकात ठरते. एका पट्टीतून हिरव्या दिव्याच्या पूर्ण तासाला साधारण १,८०० गाड्या जातात. हिरवा दिवा ४० टक्के वेळच असेल तर ७२०. चौकांच्या मधला भाग कितीही रुंद केला तरी हा आकडा तोच राहतो, फक्त रांग रुंद होते. उड्डाणपुलाने एक चौक टळतो आणि रांग पुढच्या चौकात जाते. उतरणाऱ्या आणि खालून येणाऱ्या गाड्या जिथे एकत्र येतात तिथे पट्ट्या बदलण्याची झुंबड उडते, ती वेगळीच.

सगळा मार्ग रुंद केला तर? अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या केटी फ्रीवे या महामार्गाचं रुंदीकरण २००८ मध्ये पुरं झालं. सेवारस्ते धरून काही ठिकाणी २६ पट्ट्या झाल्या. २०११ ते २०१४ दरम्यान तिथला गर्दीच्या वेळचा प्रवास सकाळी सुमारे ३० टक्के आणि संध्याकाळी सुमारे ५५ टक्के लांबला. शहर वाढत होतं म्हणून असं झालं, हा आक्षेप रास्त आहे. पण ड्युरँटन आणि टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या अनेक महानगरांची तुलना केली, तेव्हा पट्ट्यांची लांबी एक टक्का वाढली की गाड्यांचा एकूण प्रवासही जवळपास एक टक्का वाढतो, असंच दिसलं. मोकळा रस्ता पाहून लोक प्रवासाची वेळ बदलतात, बस सोडतात, आणखी लांब राहायला जातात. त्यामुळे प्रत्येक गाडीचा धूर किलोमीटरमागे थोडा घटला तरी शहराचा एकूण धूर घटत नाही.

उलटही होतं. केर्न्स, अ‍ॅटकिन्स आणि गुडविन यांनी ११ देशांतली, रस्त्याची जागा कमी केल्याची सत्तरहून अधिक उदाहरणं तपासली. निम्म्या ठिकाणी ११ टक्के किंवा त्याहून जास्त वाहतूक आजूबाजूच्या रस्त्यांवरही सापडली नाही. आणि स्टॉकहोमने २००६ मध्ये एकही पट्टी न वाढवता शहराच्या मध्यभागात शिरायला शुल्क लावलं, तेव्हा सीमेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी उतरली.

‘बस-सायकलींच्या पट्ट्या जागा खातात’

गाड्या मोजल्या तर तसं दिसतं. माणसं मोजा. सिग्नलच्या पट्टीतून तासाला ७२० गाड्या, गाडीत सरासरी दीड माणूस, म्हणजे १,०८० माणसं. बसमध्ये ५० माणसं असतील तर तासाला २२ बसगाड्यांत तितकीच माणसं जातात, म्हणजे साधारण पावणेतीन मिनिटांना एक बस. बस मिनिटाला एक असेल तर तीच पट्टी ३,००० माणसं नेते. बस दहा मिनिटांनी एक येत असेल तर पूर्ण पट्टी देऊ नये. चौकाआधीची ६०-७० मीटर जागा आणि सिग्नलला प्राधान्य तेवढं द्यावं.

या पट्ट्या फसतात, पण त्याची कारणं ठरलेली आहेत. बसपट्टी चौकाच्या अलीकडे संपवली जाते, म्हणजे जिथे वेळ जातो नेमकं तिथेच ती नसते. कडेच्या पट्टीत गाड्या उभ्या राहतात आणि एक उभी गाडी आख्खी पट्टी बंद करते. सायकलपट्टी नुसती रंगवून उभ्या गाड्यांना चिकटवली की दार उघडून सायकलस्वार पडतो. मध्ये जवळपास मीटरभर जागा आणि उंच कडा हवी. एका दिशेसाठी दोन मीटर रुंदी नसेल तर हळू सायकलस्वाराला ओलांडता येत नाही आणि मागचा मोटारींमध्ये शिरतो.

अशी पट्टी आखल्यावर ती चालली की फसली हे ठरवायचं असेल तर आधी आणि नंतर, एकाच वारी आणि एकाच वेळी, तीन गोष्टी मोजाव्यात: तासाला जाणारी माणसं, मोकळ्या वेळेतला असा वेग ज्याच्या खाली शंभरातली ८५ वाहनं असतात, आणि समांतर रस्त्यांवरची वाहनं. पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे धरू नयेत, लोक तेव्हा अजून मार्ग शोधत असतात. निदान तीन महिने थांबून मोजावं.