फटकळ म्हातारा

(थोडं लांबलंय. वेळ असेल तेव्हा वाचा.)

रात्री झोप येत नसली की मी यूट्यूबवर बर्कशायर हॅथवे या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या जुन्या वार्षिक सभा लावून बसतो. बायको म्हणते, लोक गाणी ऐकतात, तू दोन म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकतोस. खरं आहे. ओमाहातलं प्रचंड सभागृह, हजारो भागधारक, मंचावर एक टेबल, टेबलावर कोकचे कॅन आणि सीज कँडीजचा डबा. कंपनीचा प्रमुख वॉरन बफे एकेका प्रश्नावर भरपूर बोलतो, दाखले देतो, कोट्या करतो आणि मग शेजारी वळून विचारतो, "चार्ली?" शेजारचा जाड भिंगांचा म्हातारा तोंडातली पीनट ब्रिटल चावत असतो. पीनट ब्रिटल म्हणजे चिक्कीच. तो घास सावकाश संपवतो आणि म्हणतो, "मला आणखी काही सांगायचं नाही."

सभागृह खदखदून हसतं. मीही कित्येक वर्षं हसत होतो. मग एकदा लक्षात आलं की यातला विनोद निम्माच आहे. बोलण्यासारखं संपलं म्हणून हातातला माइक परत देणारा माणूस तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

चार्ली मंगर. जन्म १ जानेवारी १९२४, मृत्यू २८ नोव्हेंबर २०२३. शंभरी चौतीस दिवसांनी हुकली. (नव्व्याण्णव वर्षांच्या माणसाला मी एकेरीत संबोधतोय, पण इतकी वर्षं रात्री ऐकल्यावर 'मंगरसाहेब' म्हणायला जीभ वळत नाही.) शिक्षणाने वकील, पुढे गुंतवणूकदार, १९७८ पासून मरेपर्यंत बर्कशायरचा उपाध्यक्ष.

तो गेल्यापासून त्याचा फोटो आणि खाली सुविचार अशा पोस्टचा पूर आलाय. त्यातली निम्मी वाक्यं त्याने कधी म्हटली असतील असं वाटत नाही. फार गुळगुळीत असतात ती. मंगर गुळगुळीत नव्हता, फटकळ होता. आणि तो काय करा हे फारसं सांगायचाच नाही. काय करू नका, हे सांगायचा.

याचं मूळ त्याच्या तरुणपणात सापडतं. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्यात हवामानाचा अंदाज सांगणारा अधिकारी होता. वैमानिकांना उड्डाणाची परवानगी द्यायची की नाही, हे त्याच्या अंदाजावर ठरायचं. म्हातारपणी तो सांगायचा की वैमानिकांना सुरक्षित कसं ठेवू, असा विचार मी केलाच नाही. उलटा केला. समजा मला वैमानिक मारायचेच आहेत, तर सोपा मार्ग कोणता? उत्तरं दोनच निघाली. एक, विमानाला पेलणार नाही इतका बर्फ त्यावर साचेल अशा हवेत त्याला पाठवायचं. दोन, कुठेच उतरता येणार नाही आणि इंधन संपेल अशा ठिकाणी त्याला अडकवायचं. झालं. मग आयुष्यभर या दोन गोष्टी होऊ द्यायच्या नाहीत, एवढंच काम उरलं.

मला हे ऐकून आधी हसू आलं, मग घाम फुटला. कारण गुंतवणुकीत मी नेमकं उलट करत आलो होतो. सगळी अक्कल 'कोणता शेअर वर जाईल' यात, आणि 'मी कशाने बुडेन' हा प्रश्न कधी मनाला शिवलाच नाही.

मंगरची यादी त्याचा भागीदार बफे अनेकदा सांगायचा: शहाणा माणूस तीनच गोष्टींनी बुडतो, दारू, बायका आणि कर्ज. पहिल्या दोन, इंग्रजीत तिन्ही शब्द 'एल'ने सुरू व्हावेत म्हणून घेतल्यात असं खुद्द बफेच कबूल करायचा. खरी तिसरी. उधारीच्या पैशावर शेअर घेतले की भाव पडल्यावर वाट बघायचा हक्क तुमच्याकडे राहत नाही, तो कर्ज देणाऱ्याकडे जातो. नेमक्या वाईट दिवशी तो तुमचे शेअर विकून टाकतो. तुमचा अंदाज पुढे बरोबर निघाला तरी तो पाहायला तुम्ही बाजारात नसता. इंधन संपलेलं विमान म्हणजे हेच.

बरं, कर्ज नसलं तरी घाबरटपणा आहेच. २००९ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत त्याला बर्कशायरचा भाव कोसळल्याबद्दल विचारलं. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा: शतकात दोन-तीनदा भाव निम्म्यावर येणारच, ते शांतपणे सोसता येत नसेल तर तुम्ही भागधारक व्हायच्या लायकीचे नाही, आणि तुम्हाला मिळतो तो सुमार परतावाच तुमच्या लायकीचा आहे.

लायकी काढली हो सरळ! टीव्हीवर बसून 'बाजारात चढउतार हे व्हायचेच' असं मधाळ बोलणारे शंभर भेटतात. हा माणूस तोंडावर सांगतो की दोष बाजारात नाही, तुझ्यात आहे. मार्च २०२० मध्ये, करोनात बाजार कोसळला तेव्हा, मी माझे निम्मे युनिट विकून मोकळा झालो होतो. आकडा लाल दिसला की छातीत धडधडायचं, म्हणून आठवड्यात तीन वेळा थोडं थोडं विकलं. नंतर भाव वर गेले तेव्हा मी बाहेर उभा राहून पाहत होतो. ही मुलाखत त्यानंतर ऐकली. 'लायकी' या शब्दापाशी थांबवली आणि मागे नेऊन परत ऐकली.

हे तो काठावर बसून बोलत नव्हता. स्वतःचा भागीदारी फंड चालवत असताना १९७३ मध्ये त्याचा तोटा ३१.९ टक्के आणि लगेच १९७४ मध्ये ३१.५ टक्के. सलग दोन वर्षं. शंभराचे सत्तेचाळीस. आणि ते पैसे विश्वासाने दिलेल्या माणसांचे. १९७५ मध्ये फंड ७३ टक्के वर आला, हे आपण आज सांगतो. १९७४ च्या डिसेंबरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच्या आयुष्यात त्याहून वाईट घडून गेलं होतं, हेही सांगायला हवं. १९५३ मध्ये घटस्फोट. पाठोपाठ मुलगा टेडी ल्युकेमियाने आजारी. त्या काळी त्यावर इलाज नव्हता, विमाही नव्हता. रुग्णालयात पोराला जवळ घ्यायचं आणि बाहेर येऊन पॅसाडेनाच्या रस्त्यांवर रडत फिरायचं. १९५५ मध्ये टेडी गेला. पुढे पन्नाशीनंतर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडली आणि डावा डोळा काढावा लागला. म्हातारपणी उरलेल्या डोळ्यानेही दगा द्यायची चिन्हं दिसली तेव्हा दिवसभर वाचत बसणाऱ्या या माणसाने ब्रेलचे धडे घ्यायला सुरुवात केली. सुदैवाने तो डोळा वाचला. स्वतःची कीव करू नका, असं तो वारंवार बजावायचा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, बोलायला काय जातं तुझं.

पैशाची त्याची सर्वांत मोठी गोष्ट मात्र मिठाईची आहे. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातली सीज कँडीज विकायला निघाली. मालक कुटुंबाला हवे होते ३ कोटी डॉलर. बफेची तोपर्यंतची सवय म्हणजे स्वस्तात मिळेल ते उचलायचं, मग धंदा का रडतखडत चालेना. तो अडीच कोटींच्या वर जायला तयार नव्हता, आणि तेवढे द्यायलाही फारसा खूश नव्हता. मंगरचं म्हणणं, तिची किंमत ३ कोटी आहेच. सुदैवाने कुटुंबाने अडीच कोटी घेतले. भागधारकांना लिहिलेल्या २०१४ सालच्या पत्रात बफेने हिशेब मांडला: तोवर सीजने करापूर्वी १९० कोटी डॉलर कमावून दिले होते आणि वाढीसाठी वर घालावे लागले होते जेमतेम ४ कोटी. घासाघीस करताना त्यांना काय गमवायची वेळ आली होती, बघा. मोडका धंदा स्वस्तात घेण्यापेक्षा उत्तम धंदा रास्त भावात घ्या, हे त्या जोडीतलं शहाणपण मंगरचं, असं बफे स्वतः सांगतो.

आणि घेतल्यावर काय केलं? काहीच नाही. सांभाळलं. पैसा खरेदी-विक्रीत नसून वाट बघण्यात आहे, हे त्याचं म्हणणं सगळे फॉरवर्ड करतात, दर दहा मिनिटांनी ॲप उघडून भाव बघता बघता. (करतात म्हणजे, मीही केलंय.)

माणसांबद्दल त्याचं निदान तर अजूनच बोचरं. फेडएक्स या कुरिअर कंपनीचा किस्सा तो रंगवून सांगायचा. रात्री सगळी विमानं एका ठिकाणी येणार, पार्सलांची अदलाबदल भराभर व्हायला हवी, नाहीतर सकाळचा वायदा मोडला. काम काही केल्या वेळेत उरकेना. समजावून झालं, दटावून झालं. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपण पगार तासावर देतोय. तो पाळीवर दिला आणि काम संपलं की घरी जा म्हटलं. प्रश्न संपला. माणसं तीच होती.

तेव्हापासून कुणी आर्थिक सल्ला द्यायला लागला की मी एकच विचारतो, मी हे घेतलं तर तुम्हाला किती मिळणार? मागे एक सल्लागार माझ्या 'भविष्याची' फार काळजी करत होता. हा प्रश्न ऐकल्यावर त्याने चहासुद्धा पुरा केला नाही.

बिटकॉइनला तो उंदराचं विष म्हणाला, मोबाइलवरच्या झटपट ट्रेडिंगला जुगार. त्यावर भांडणं करणाऱ्यांनी इथे करू नयेत, मला तो विषय वाढवायचा नाही.

पण फटकळ माणूस नेहमी बरोबर असतो असं थोडंच आहे? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा संकुलात साडेचार हजार विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधायला त्याने २० कोटी डॉलर देऊ केले. अट एकच, आराखडा माझाच. आराखड्यात बहुतेक खोल्यांना खिडक्याच नाहीत! उजेडासाठी नकली खिडक्या. २०२१ मध्ये विद्यापीठाच्या समितीवरच्या एका वास्तुविशारदाने राजीनामा दिला, केवढा गदारोळ झाला, पण म्हातारा हटला नाही. शेवटी २०२३ मध्ये विद्यापीठानेच तो आराखडा सोडून दिला. इथे मी त्याच्या बाजूने नाही. दहा गोष्टींत बरोबर ठरलेल्या माणसाला अकराव्या गोष्टीत कान बंद करायचा परवाना मिळत नाही.

दुसरी चूक जास्त बोलकी आहे. डेली जर्नल नावाच्या छोट्या कंपनीचा तो प्रमुख होता. २०२१ मध्ये त्या कंपनीतर्फे त्याने अलीबाबा या चिनी ऑनलाइन विक्री कंपनीचे शेअर घेतले. भाव पडत गेला तसे आणखी घेतले. त्यात काही उधारीचा पैसाही होता. कर्जापासून लांब राहा म्हणून आयुष्यभर ओरडलेला माणूस, सत्त्याण्णवाव्या वर्षी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणायला मी आनंदाने तयार होतो.

पण फेब्रुवारी २०२३ च्या सभेत हा विषय निघाला तेव्हा त्याने चीन सरकारकडे बोट दाखवलं नाही की बाजाराकडे नाही. ही माझ्या सर्वांत वाईट चुकांपैकी एक, म्हणाला. चिनी इंटरनेटवरच्या त्यांच्या दबदब्याला मी भुललो, आणि शेवटी हे एक दुकानच आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. 'दुकान'च्या आधी एक शिवीही हासडली. भागधारकांसमोर, एकोणीस मिनिटांची सारवासारव न करता, दोन वाक्यांत.

मला मंगर आवडतो तो इथे. दुसऱ्याची लायकी काढणारे आपल्या ओळखीत काय कमी आहेत! तीच जीभ तेवढ्याच धारेने स्वतःवर चालवणारा एकही माझ्या पाहण्यात नाही. मी तर नाहीच. मार्च २०२० ची गोष्ट मी दोन वर्षं 'पैशांची गरज होती' अशीच सांगत होतो.

मत्सराबद्दल तो म्हणायचा की सगळ्या पापांत हे एकच असं, ज्यात मजा अजिबात नाही. स्वतः एकाच घरात साठ वर्षांहून जास्त राहिला. तो गेला तेव्हा फोर्ब्सच्या अंदाजाने त्याच्याकडे २६० कोटी डॉलर होते, शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राकडे १० हजार कोटींहून जास्त. बरंच दान केलं होतं हे खरं, पण तरी तफावत बघा. त्या सभांचे इतके तास मी पाहिलेत, एवढ्या अंतराची सावलीसुद्धा त्या टेबलावर दिसत नाही. आपण भावाच्या नव्या गाडीवरून आठवडा खराब करतो.

काल रात्री मे २०२४ ची सभा लावली होती, तो गेल्यानंतरची पहिली. सुरुवातीला त्याच्यावरची चित्रफीत दाखवली. मग प्रश्नोत्तरं. बफेच्या शेजारी आता त्याचा ठरलेला वारसदार ग्रेग एबल. एका प्रश्नाला बफेने नेहमीसारखं सविस्तर उत्तर दिलं आणि सवयीने शेजारी वळून म्हणाला, "चार्ली?"

चूक लगेच लक्षात आली त्याच्या. इतकी सवय आहे की अशी गफलत माझ्याकडून परत होणार, असं काहीसं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहिला आणि फोन बंद केला.