तो आवाज आणि तो हिसका : एका पासधारक ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही नाव दिलेलं नाही, प्रतिक्रियेखाली नुसतं 'एक पासधारक' लिहिलंय. बाईमाणूस आहात हे मजकुरातून कळतं, म्हणून ताई म्हणतो. चालेल ना?

ज्यांनी आधीची पोस्ट वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 9 एप्रिल 2016 च्या रात्री हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल (एकाच दिशेने वाहणाऱ्या 1500 व्होल्टच्या जुन्या विजेवर चालणारी) कुर्ल्याहून तेव्हाच्या सीएसटीकडे गेली. तिला आम्ही रेल्वेवेड्या मंडळींनी हार घालून निरोप दिला, त्या रात्रीबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर ताईंनी लिहिलं : "मी 22 वर्षं वाशी ते सीएसटी केलंय. ज्या लयबद्ध खटक्यांवर तुम्ही तीन परिच्छेद खर्च केलेत, ते हिसके मी सातव्या महिन्यात वरची कडी धरून उभ्याने सोसलेत. तुम्हाला दारातला वारा आठवतो, कारण दार तुमचं होतं. माणसं रुळांवर मरतात आणि तुम्ही डब्याला हार घालता. त्या गाडीला निरोप कसला द्यायचा? सुटलो म्हणायचं."

सगळ्यात आधी हिसक्याचं बोलतो, कारण तिथे तुम्ही माझी चूक नेमकी पकडलीत.

जुन्या डीसी गाडीच्या मोटरला उभ्या गाडीत एकदम 1500 व्होल्टचा पूर्ण दाब देता येत नाही, मोटर जळेल. म्हणून सुरुवातीला मोटरच्या वाटेत रोधक (वीज अडवणारे रेझिस्टर) घालतात आणि गाडी वेग घेईल तसतसा एकेक रोधक काढत जातात. एक रोधक निघाला की प्रवाह उसळतो, मोटर जोरात ओढते आणि गाडी पुढे झेपावते. मग पुढचा निघतो, पुन्हा झेप. खालून येणारा तो 'खट्... खट्... खट्' म्हणजे रोधक निघत असल्याचा आवाज. मी त्यावर भरभरून लिहिलं. पण प्रत्येक खटक्याबरोबर डब्यातली तीनशे माणसं एकदम मागे जातात, त्यात कुणाचं पोट असतं, कुणाच्या कडेवर मूल असतं, हे मी लिहिलं नाही. आवाज आणि हिसका एकाच क्षणी, एकाच कारणाने होतात. मी अर्धं सांगितलं आणि अर्धं तुमच्या पाठीवर ठेवलं. ते परिच्छेद मी बदलतोय, तुमचं वाक्य त्यात घालून. तुमची हरकत असेल तर कळवा.

उकाड्याचंही तसंच. ते रोधक डब्याच्या खालीच असायचे आणि त्यांत जिरलेली वीज म्हणजे निव्वळ उष्णता. मे महिन्यात खालून ती धग, वरून पत्रा आणि मध्ये बंद पडलेला पंखा.

आता दुसरी बाजू मांडतो. ती बचावासाठी मांडत नाही, आम्ही तिथे का गेलो ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.

ती डीसी वीज राहावी असं त्या रात्री कुर्ल्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या आमच्यातल्या एकालाही वाटत नव्हतं. उलट ती कधी जाते याची आम्ही वर्षानुवर्षं वाट बघत होतो. 1500 व्होल्टवर तेवढीच ताकद द्यायची तर नव्या 25 हजार व्होल्टच्या एसी विजेच्या मानाने जवळजवळ सतरापट प्रवाह लागतो. तारा जाड लागतात, दर थोड्या किलोमीटरवर सबस्टेशन लागतं. गाड्या लांब करायच्या, वेग वाढवायचा, जास्त फेऱ्या सोडायच्या म्हटलं की ही वीज आड येते. पश्चिम रेल्वेवर हे बदलण्याचं काम 2012 च्या फेब्रुवारीत संपलं. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ते टप्प्याटप्प्याने झालं आणि हार्बर सगळ्यात शेवटी राहिली. तुम्ही 22 वर्षं ज्या गाडीत चढलात ती नऊ डब्यांची होती. मुख्य मार्गावर बारा डबे, प्रसंगी पंधरा, आणि हार्बरच्या वाट्याला नऊ. डीसी गेली आणि त्याच एप्रिलच्या अखेरीस हार्बरवर पहिली बारा डब्यांची लोकल धावली. वीज बदलणं आणि फलाट लांबवणं ही दोन्ही कामं झाल्यावरच ते जमलं. तुमच्या सुटकेची तारीख आणि आमच्या निरोपाची तारीख एकच आहे, ताई. आम्हीही सुटकाच बघायला आलो होतो. फक्त जाणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभे होतो.

हार घातला, हे खरं. त्याबद्दल मला माफी मागावीशी वाटत नाही. दसऱ्याच्या सुमारास लोकलचे डबे सजवतात, ते तुम्हीही पाहिलं असेल, कदाचित केलंही असेल. झेंडूची तोरणं, दारात आंब्याच्या डहाळ्या, देवीचा फोटो, गटागटाने आरती, नंतर पेढे. लेडीज डब्यात तर संक्रांतीचं हळदीकुंकूही होतं. जी गाडी रोज अंग पिळून काढते तिलाच माणसं तोरण बांधतात, कारण घर चालतं ते तिच्यावर. 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदरहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी सुटली, तीही हार्बरवरच आणि तीही याच 1500 व्होल्टवर. त्या विजेने 91 वर्षं हे शहर ओढलं. त्या ओढण्याला एक हार, एवढंच मनात होतं.

माणसं मरतात त्याबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्या एकट्या 2016 सालात मुंबईच्या लोकलमार्गांवर तीन हजारांहून जास्त जीव गेले. आमच्या पोस्टवर त्यांचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. असायला हवा होता.

आता आवाज का जपायचा, ते सांगतो. माझे वडील लहानपणी दादरला ट्रामने फिरायचे. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम गेली, तेव्हा ते आजोबांबरोबर रस्त्यावर उभे होते. ट्रामचा ड्रायव्हर पायाने घंटा कशी वाजवायचा ते ते आम्हाला जमिनीवर टाच आपटून आणि तोंडाने 'टण् टण्' करून दाखवायचे. वडील गेले. माझ्या मुलीने मध्ये विचारलं, ट्रामची घंटा कशी वाजायची? मी टाच आपटून दाखवायला गेलो आणि मला ते जमलं नाही. आमच्या घरात ती घंटा वडिलांच्या टाचेतच होती. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीसाठी खणताना जुने ट्रामचे रूळ निघाले, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. गंजलेलं लोखंड आणि काळे दगड. त्यावरून कितीजण, कसे, कुठल्या घामात गेले असतील, काही कळत नाही. म्हणून 2016 मध्ये डीसीच्या त्या शेवटच्या आठवड्यात मी रेकॉर्डर घेऊन हार्बरने फिरत होतो.

आणि इथेच मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुमची प्रतिक्रिया आली नसती तर ती मी कुणालाच सांगितली नसती.

पोस्टमध्ये वडाळा ते कुर्ला असं जे ध्वनिमुद्रण लावलंय, ते कापलेलं आहे. मी लेडीज डब्याच्या जाळीला लागून बसलो होतो. जीटीबी नगर सोडल्यावर गाडी नॉच घ्यायला, म्हणजे एकेक रोधक काढत वेग घ्यायला लागली आणि जाळीपलीकडून एक बाई मोठ्याने म्हणाली, "कंगवा दे गं कुणीतरी, परत अडकलाय." मग पर्सच्या चेनचा आवाज. मग पंख्याच्या जाळीतून कंगवा आत घालून पातं ढकलल्याचं टक्, टक्, टक्. एकदा नाही लागला. दुसरी कुणी म्हणाली, "उलटा फिरव, उलटा." पुन्हा टक् टक्, आणि पंखा घरघरत सुरू झाला. सात-आठ जणींचा एकदम "हाऽऽ" असा आवाज आला, आणि कुणीतरी म्हणालं, "आता चुनाभट्टीला उतरू नकोस हं, तूच याची मेकॅनिक." सगळ्या हसल्या.

एवढा सगळा चाळीसएक सेकंदांचा भाग मी काढून टाकला होता, कारण त्यात मोटरचा आवाज दबला जात होता. आम्हा रेलफॅन लोकांच्या भाषेत त्याला 'डिस्टर्बन्स' म्हणतात. दोन दिवसांपूर्वी तुमचं "दार तुमचं होतं" हे वाक्य वाचलं आणि मूळ फाइल शोधून पुन्हा ऐकली. खटके त्यातही आहेत. नीट ऐकलं तर प्रत्येक खटक्याबरोबर कंगव्याचं टक् टक् क्षणभर थांबतं. ती बाई प्रत्येक हिसक्याला तोल सावरत असणार.

मूळ नऊ मिनिटांचं रेकॉर्डिंग न कापता आज वर लावलंय. सहाव्या मिनिटाच्या आसपास ऐका. आमच्या गटाकडे गाड्यांचे नंबर आहेत, मोटरचे आवाज आहेत, कारशेडचे फोटो आहेत. लेडीज डब्याच्या आतलं मात्र काहीच नाही. चौथ्या सीटवर किती वेळ बसायला मिळायचं, "कुठे उतरणार?" विचारून जागा कशी बांधून ठेवायच्या, सातव्या महिन्यात उठून जागा कुणी दिली आणि कुणी नाही, हे तुम्हीच लिहू शकता. लिहिलंत तर याच पानावर, माझ्या पोस्टच्या वर, जसंच्या तसं लावेन. नाव 'एक पासधारक'च राहू दे हवं तर.