'पॉवर अवर'चा हिशेब: एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'एक पालक',

दारूचे खेळ आणि त्यातली सुरक्षितता यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप तीन आहेत. दारूच्या खेळांचे नियम छापून मी पोरांच्या हाती आयता ग्लास देतो. 'सुरक्षित' म्हटल्याने त्यांना खोटा धीर येतो. आणि 'पिऊ नका' एवढं एक वाक्य पुरलं असतं. शेवटी तुम्ही नियमांचा भाग काढून टाकायला सांगितलंय.

कायद्याचं आधी उरकतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनला वय 21 आणि बाकी दारूला 25, गोव्यात 18, अमेरिकेत सरसकट 21. त्याखालच्यांनी पिऊ नये, आणि न पिणं सगळ्यात सुरक्षित, याबद्दल आपलं दुमत नाही. पण हे खेळ कुणी लेख वाचून शिकत नाही. पुण्यातल्या फ्लॅटवर असो की एमएसला गेलेल्यांच्या अपार्टमेंटमध्ये, टेबलाशी उभा असलेला कुणीतरी दोन मिनिटांत नियम सांगून मोकळा होतो. हिशेब मात्र कुणीच सांगत नाही.

'पॉवर अवर' घ्या. दर मिनिटाला बिअरचा एक शॉट, असे साठ. ऐकायला अगदीच पोरखेळ. अमेरिकन शॉट 44 मिलिलिटरचा, म्हणजे तासात 2.6 लिटर. साध्या 5 टक्क्यांच्या बिअरमधून तेवढ्यात शंभर ग्रॅमच्या वर अल्कोहोल जातं. व्हिस्कीच्या भाषेत 30 मिलीचे दहा स्मॉल, म्हणजे 180 मिलीच्या जवळपास पावणेदोन क्वार्टर. तासात पावणेदोन क्वार्टर संपव म्हटलं तर शहाणा पोरगा हात जोडेल. तेच मिनिटाला घोटभर म्हटलं की बसतो. आणि आपल्याकडे बहुतेक वेळा आणलेली असते 8 टक्क्यांची स्ट्राँग. तिच्यावर हाच खेळ पावणेतीन क्वार्टरवर जातो.

साठ किलोच्या मुलाचा ढोबळ अंदाज काढला तर साध्या बिअरवरही, सगळी रक्तात उतरल्यावर, 100 मिलिलिटर रक्तात 240 मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल भरतं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 30 आहे. तेवढ्याच वजनाच्या मुलीच्या रक्तात आकडा आणखी वर जातो, कारण शरीरात पाण्याचं प्रमाण कमी. यकृत तासाला साधारण एक स्मॉल निपटतं, त्याहून घाई त्याला जमत नाही.

यातली खरी गोम उशिरात आहे. विसाव्या मिनिटाला 'काहीच चढली नाही' वाटतं, कारण प्यायलेली बरीचशी अजून पोटातच असते. शेवटच्या घोटानंतरही अर्धा ते दीड तास पातळी चढत राहू शकते. म्हणून 'चढली की थांबेन' हा बेत इथे चालतच नाही. कधी आणि किती प्यायचं हे पिणाऱ्याने ठरवायचं असतं, इथे ते घड्याळ ठरवतं. पॉवर अवरला सुरक्षित आवृत्ती नाही असं मी लिहिलं होतं, आजही तेच म्हणेन.

सगळे खेळ असे नाहीत. बिअर पाँगमध्ये दोन्ही बाजूंना दहा-दहा कप मांडतात, एका बाजूला 355 मिलिलिटरचे दोन कॅन वाटून; समोरच्याचा चेंडू ज्या कपात पडेल तो कप प्यायचा. दोघांच्या टीमला एका डावात माणशी एक कॅन. हे बेताचं, पण हरणारा जास्त पितो, जास्त पिणाऱ्याचा नेम चुकतो आणि तो पुन्हा हरतो. त्यात कॅनऐवजी 650 मिलीच्या दोन स्ट्राँग बाटल्या ओतल्या, तर तोच डाव माणशी चार स्मॉलचा होतो. उपाय सोपा: टेबलावरच्या कपांत पाणी, स्वतःचा ग्लास बाजूला, कप गेला की स्वतःच्या ग्लासातून एक घोट. जमिनीवरून उचललेला चेंडू मग निदान पाण्यात पडतो.

'किंग्ज' या पत्त्यांच्या खेळात (निघेल त्या पत्त्याचा नियम पाळायचा) दोन नियम वाईट. एक्का निघाला की 'वॉटरफॉल': आधीचा थांबेपर्यंत पुढच्याने थांबायचं नाही, म्हणजे रांगेतल्या शेवटच्याच्या हातात काहीच उरत नाही. आणि चौथा राजा काढणाऱ्याने मधला मोठा ग्लास संपवायचा, ज्यात बिअर, रम, वोडका सगळं ओतलेलं. हे दोन काढून टाका, बाकी खेळ गप्पांचा आहे. हातात लिंबूसोडा असला तरी खेळता येतो. ज्या घोळक्यात तो चालत नाही, तिथून पोराने उठावं.

तुमच्या मुलासाठी म्हणाल तर जेवून जाणं महत्त्वाचं: पोळीभाजी, वरणभात, अंडी, काहीही, पण पोटभर. चकणा म्हणजे जेवण नव्हे. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळलेली दारू झोप पळवते, नशा नाही. झोपेच्या किंवा पेंग आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या घेतल्या असतील तर एकही घोट नको.

आता ज्यासाठी तो लेख मुळात लिहिला ते. 2017 साली अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्लबात, नव्या मुलांना टप्प्याटप्प्यावर दारू पाजली गेली. एक मुलगा जिन्यावरून पडला. आजूबाजूच्यांनी त्याच्या पाठीला वजनदार सॅक बांधली, तो उताणा होऊन उलटीने गुदमरू नये म्हणून. मदतीसाठी फोन गेला तो जवळजवळ बारा तासांनी. मुलगा वाचला नाही. उताणं पडण्याचा धोका त्या पोरांना ठाऊक होता. फोन कधी करायचा, ते ठाऊक नव्हतं.

तो असा ठरवायचा. नाव घेऊन हाक मारा, खांद्याचा स्नायू जोरात चिमटा. डोळे उघडत नाहीत, की फोन. मिनिटभर श्वास मोजा. आठापेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड, की फोन. ओठ-नखं निळसर, अंग गार, झटके, अर्धवट शुद्धीत उलटी, डोक्याला मार, यातलं एकही दिसलं तरी तेच. आपल्याकडे 108 किंवा 112, अमेरिकेत 911. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मदत मागणाऱ्या अल्पवयीन मुलावर दारू प्यायल्याबद्दल कारवाई होत नाही, हे तिकडे जाणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

गाडी येईपर्यंत कुशीवर वळवा, वरचा गुडघा काटकोनात दुमडा, हात गालाखाली, तोंड किंचित जमिनीकडे. शेजारी एकाने बसायचं, श्वास मोजत. लिंबू, ताक, कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी रक्तातली दारू कमी होत नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काही घातलं तर ते फुप्फुसात जातं. बोटं घालून उलटी काढू नका.

नियमांचा भाग मी काढणार नाही. पण पॉवर अवरचा हिशेब लेखात खाली होता, तो आज सगळ्यात वर आणलाय. मुलाला लिंक पाठवाल तेव्हा एवढं जोडा: मित्राला दवाखान्यात नेलं तर डॉक्टर विचारतील काय, किती, किती वाजता प्यायला, सोबत गोळी घेतली का. मित्राच्या घरी कळेल म्हणून यातलं काही लपवायचं नाही, आणि रिकामी बाटली हाताशी असेल तर सोबत न्यायची.