मेआर, थेआर आणि बेकरीतले आजोबा

टोर्सहाउन, म्हणजे उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांची राजधानी. तिथली एक बेकरी. विभक्ती दोनदा तपासून घेतलेलं फेरोईज (तिथल्या भाषेतलं) वाक्य काउंटरवरच्या मुलीला ऐकवलं : 'मेआर डोआमार ब्रेइयी चोआ थिह्कुन.' मला तुमच्याकडचा पाव आवडतो. एका वाक्यात दोन चतुर्थ्या, दोन्ही अचूक. ती गोड हसली आणि इंग्रजीत म्हणाली, 'एनीथिंग एल्स?'

पण खरा ताप मागे रांगेत उभा होता. विणलेल्या स्वेटरातले एक आजोबा.

'थिह्कुन नाही. थिकुर.'

'पुस्तकात थिह्कुन आहे.'

'पुस्तक कुठलं?'

'इथलंच, टोर्सहाउनचं.'

'मग बरोबर, चुकणारच!'

आजोबा सुवुरॉयचे. म्हणजे अगदी दक्षिणेकडचं बेट, इथून बोटीने दोन तास. तिकडे 'आम्हाला' म्हणजे ओह्कुन नव्हे, ओकुर. 'तुम्हाला' म्हणजे थिकुर. आणि 'मी' म्हणजे ए नव्हे, ये. एवढं ऐकून घेतलं, तर काउंटरवरची मुलगी मध्ये पडली. हल्ली मेआर डोआमार कोण म्हणतं, आम्ही सरळ 'ए डोआमी' म्हणतो. आजोबांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

'आवडणं तू करतेस का? ते तुला होतं. म्हणून मेआर, 'मला'.'

'मग भुकेचं काय? भूक लागली की तूही 'ए एरी स्वेंगुर', मी भुकेला आहे, असंच म्हणतोस ना? तिथे कुठे मेआर?'

'भूक माझी स्वतःची असते. थंडी बाहेरून येते, म्हणून थंडीला मेआर.'

'आणि पाव?'

'पावही बाहेरूनच येतो.'

हा वाद मिटवावा म्हणून मी त्यांना आदरार्थी 'थीयुन' म्हटलं. आजोबांनी मागे वळून पाहिलं, पाद्री-बिद्री कोणी आलाय का. तिकडे ऐंशी वर्षांच्या माणसालाही 'तू'च म्हणतात. थीयुन आता फार क्वचित कानावर पडतं. शेवटी मुलीने माझ्या आधी आजोबांचा पाव बांधला, आणि तो घेऊन निघताना आजोबांनी मला इंग्रजीत विचारलं, 'व्हेअर आर यू फ्रॉम?'

असो. ज्यांना तरीही शिकायचंय त्यांच्यासाठी. 1846 साली व्ही. यू. हामर्सहाइम्ब यांनी ही लेखनपद्धती घडवली ती जुन्या नॉर्स या पूर्वज भाषेच्या वळणावर, जिभेच्या नव्हे. म्हणून 'ते' या शब्दाच्या शेवटी आडव्या रेघेचा डी लिहायचा आणि म्हणायचं नुसतं थेआ. ओह्कुन, थिह्कुन, होनुन (त्याला) यांच्या शेवटी कागदावर म आहे, टोर्सहाउनच्या तोंडात न. त्यात सुरुवातीचा त चांगला हवा सोडून म्हणायचा, त्यामुळे 'तू' हा शब्द मराठी कानाला 'थू' असा लागतो. समोरच्याने थू म्हटलं तर मनाला लावून घेऊ नये.

एकवचन असं : मी, मला ही जोडी तिथे तीन पदरी आहे. ए, मे, मेआर. थू, थे, थेआर. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' यात द्वितीया, म्हणून 'ए एल्स्की थे'. 'तुझ्याकडे' यात चतुर्थी, म्हणून 'चोआ थेआर'. मराठीत द्वितीया-चतुर्थी दोन्हींना 'ला' लावून आपण मोकळे होतो, आणि नेमकं तिथेच गाडं अडतं. उपाय एकच : चतुर्थीची रूपं सुटी पाठ करायची नाहीत, चोआ (कडे) लावून करायची. चोआ मेआर, चोआ थेआर, चोआ होनुन, चोआ हेन्नी (तिच्याकडे), चोआ ओह्कुन, चोआ थिह्कुन, चोआ थाइमुन (त्यांच्याकडे). फायदा दुहेरी, कारण 'माझी गाडी' हे रोजच्या बोलण्यात 'बीलुरिन चोआ मेआर' असंच होतं. आम्ही आणि तुम्ही (व्हीट, थीट) यांच्यात तर द्वितीया-चतुर्थी एकच, तेवढीच दया. पण 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद तिथे नाही. व्हीट म्हटल्यावर जेवायला आपणही आहोत की नाही, हे ताट वाढल्यावर कळतं.

आता मराठी माणसाने मिरवायची जागा. तीन लिंगं आपल्याला जन्मजात. अनेकवचनात पुरुषांना थाइर, बायकांना थेआर, आणि पुरुष-बाई एकत्र आले की नपुंसकलिंगी थेइ. इंग्रज इथे घामाघूम होतो. आपण आयुष्यभर 'ती दोघं आली' म्हणत आलोय. मूल तिकडेही नपुंसकलिंगी, घरही. पुस्तक मात्र स्त्रीलिंगी, होडी पुल्लिंगी. म्हणजे पुस्तक छान आहे म्हणताना 'ती', होन, म्हणायचं (शिवकालीन नाण्याशी संबंध नाही).

चाणाक्षांच्या लक्षात आलं असेल की थेआर दोनदा आला. 'तुला' आणि 'त्या', लिहायलाही एकच. पायाची बोटंसुद्धा थेआर. वाक्यावरून ओळखा, असं पुस्तक म्हणतं. वाक्य कळत असतं तर पुस्तक कशाला घेतलं असतं?

आणि ज्याबद्दल माझा खरा राग आहे ते 'सुइन', म्हणजे आपला, स्वतःचा. 'हान एल्स्कार कोनु सुइना' : त्याचं स्वतःच्या बायकोवर प्रेम आहे. 'हान एल्स्कार कोनु हान्सारा' : प्रेम आहेच, पण बायको दुसऱ्या कुणाची. आपला 'आपला' मी, तू, तो सगळ्यांना चालतो. सुइन फक्त तृतीय पुरुषाला. मी म्हणताना मुइनच (माझा) हवं. हे पहिल्या धड्यात सांगायला नको? माझ्या पुस्तकात ते शेवटून दुसऱ्या धड्यात आहे, तेही तळटिपेत. तोवर नवशिक्या व्याकरणाच्या आधाराने लोकांच्या बायकांवर प्रेम करत बसलेला असतो.