पिसामध्ये भारत तळाला? थोडा खुलासा

"पिसा परीक्षेत भारत जगात तळाला, मोबाईलवाली पिढी वाया गेली, आमच्या वेळी असं नव्हतं" असा फॉरवर्ड परत फिरतोय. (पिसा म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या शाळकरी मुलांचं वाचन, गणित, विज्ञान तपासणारी आंतरराष्ट्रीय चाचणी.) निकाल खराच आहे हो, पण तो पिसा २००९ चा, आणि त्यात आख्खा भारत नव्हताच, फक्त तामिळनाडू आणि हिमाचल होते, दोन्ही किर्गिझस्तानच्या आसपास तळाला. महाराष्ट्रातलं एकही पोर त्यात नव्हतं. नंतर २०२२ पर्यंत भारत बसलाच नाही, २०२२ च्या फेरीत उतरायचं ठरलं होतं पण माघार घेतली.

आणि गंमत बघा, पिसा १५ वर्षांच्या मुलांची असते, म्हणजे तेव्हाची ती पोरं आता तिशी ओलांडून गेलीत, त्यांच्या हातात शाळेत असताना कुठला स्मार्टफोन!

शिवाय पिसा पिढ्यांची तुलना करतच नाही, त्यासाठी पियाक नावाची १६ ते ६५ वयाच्या मोठ्यांची वाचन-गणिताची वेगळी चाचणी आहे. तिच्या २०११-१२ च्या फेरीत कोरियात तरुण जगात वरच्या नंबरात आणि पंचावन्नच्या पुढचे बरेच खाली निघाले, इंग्लंडात मात्र तरुण म्हाताऱ्यांपेक्षा फार सरस नव्हते. भारत त्यातही नव्हता, मग "आमच्या वेळी"चे मार्क काढले कुठून?