प्रदूषण मंडळ पैसे मागूच शकत नाही, हा दावा कुठे चुकतो

गृहनिर्माण संस्थांच्या आणि छोट्या कारखानदारांच्या गटांमध्ये एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाला पैसे वसूल करण्याचा अधिकार नाही, तसे दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलेलेच आहे. भरपाई हे दंडाचेच दुसरे नाव आहे. पर्यावरणाचे दावे चालवणारा राष्ट्रीय हरित लवादही स्वतःहून कोणाला बोलावू शकत नाही. तेव्हा नोटिशीला उत्तर देऊ नका, असा त्याचा आशय. मंडळाविरुद्ध खरोखर टिकणारा एक मुद्दा आहे, पण नेमका तोच या संदेशात नाही.

उच्च न्यायालयाचा निकाल तसा होता, हे मान्य. दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीने २००६ मध्ये संमतीपत्राविना, म्हणजे प्रदूषण कायद्यांखालच्या परवानगीविना, उभ्या राहिलेल्या निवासी व व्यापारी संकुलांना कारणे दाखवा नोटिसा पाठवून ठरावीक रक्कम आणि बँक हमी मागितली होती, आणि हा दंडच असून तो फक्त फौजदारी न्यायालय लावू शकते, असे उच्च न्यायालयाने ठरवले होते. मात्र ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने हे मत अमान्य केले. संदेश तिथवर पोहोचलेलाच नाही.

भरपाई आणि दंड एकच, हे म्हणणे ऐकायला पटते. पण कोणी नाल्यात रसायन सोडले तर त्याबद्दलची शिक्षा वेगळी आणि नाला पूर्ववत करण्याचा खर्च वेगळा. शिक्षेसाठी कायद्यात ठरवलेल्या प्रक्रियेने दोष सिद्ध करावा लागतो. खर्चासाठी मात्र १९७४ च्या जल कायद्याचे कलम ३३-अ आणि १९८१ च्या वायू कायद्याचे कलम ३१-अ यांखालील निर्देश देण्याचा अधिकार पुरेसा आहे, आणि संभाव्य हानीसाठी मंडळ आधीच बँक हमीही मागू शकते, असे न्यायालयाने म्हटले. याच कलमांखाली मंडळ कारखाना बंद करू शकते, त्याची वीज आणि पाणी तोडू शकते. जे मंडळ कारखान्याला टाळे ठोकू शकते, त्याने साफसफाईचा खर्च मात्र मागू नये, हा युक्तिवाद मला तरी विचित्र वाटतो.

आता टिकणारा मुद्दा. प्रत्येक नियमभंगासाठी भरपाई मागता येत नाही, पर्यावरणाची हानी झालेली किंवा संभवणारी असावी लागते, आणि हा अधिकार रीतसर नियम करून, त्यांत कार्यपद्धती व नैसर्गिक न्यायाची (समोरच्याची बाजू ऐकून घेण्यासारखी) तत्त्वे घालूनच वापरावा, अशी मर्यादा याच निकालाने घातली. दिल्लीतल्या २००६ च्या त्या जुन्या नोटिसा पुन्हा जिवंत करू दिल्या नाहीत; त्यांपोटी घेतलेली रक्कम परत करण्यास सांगितले. म्हणून ज्याला नोटीस आली आहे त्याने रक्कम कोणत्या नियमाखाली मागितली आणि हानी कशी मोजली, हे विचारावे. केवळ उलाढालीवर बोट ठेवून आकडा काढणे चालत नाही: बेन्झो केम या कंपनीवर लवादाने लावलेली २५ कोटींची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली, कारण उलाढालीचा आणि प्रदूषणाच्या भरपाईचा संबंध नाही, असे त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले.

लवाद स्वतःहून दखल घेऊ शकत नाही, हा दावा तर मुंबईतच निकालात निघाला आहे. देवनार कचराभूमीसंबंधीच्या एका वृत्तलेखावरून लवादाने प्रकरण हाती घेऊन महापालिकेला ५ कोटी रुपये भरण्यास सांगितले होते. त्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा हा अधिकार मान्य केला.

उरला उत्तर न देण्याचा सल्ला. हरकत नोंदवली नाही, तर मंडळ एकतर्फी निर्देश काढण्यास मोकळे होते. जल कायद्याखालच्या अशा निर्देशांविरुद्धचे अपील कलम ३३-ब प्रमाणे, सामान्यतः ३० दिवसांत, हा संदेश ज्याला मोजत नाही त्या हरित लवादाकडेच करावे लागते.